या चुका टाळा : पुस्तक वाचून आसूड वळायला बसण्याआधी

आसूडावरची पुस्तकं दोन प्रकारची. एक कथा-कादंबऱ्या, ज्यांत आसूड कडाडतो, झुंबराला विळखा घालतो आणि नायकाला पलीकडे पोचवतो. दुसरी वळण्या-फेकण्याची मार्गदर्शक पुस्तकं, जी बहुतेक ऑस्ट्रेलियन नाहीतर अमेरिकन असतात. पहिल्या प्रकाराबद्दल वाचक नेहमी उदार असतात. दुसऱ्याबद्दल तक्रार ठरलेली: "पुस्तकात दिलंय तसंच केलं, तरी वाजत नाही." यात दोष पुस्तकाचा कमी असतो. ते पुस्तक कांगारूच्या पातळ कातड्यासाठी, तिकडच्या मापांत आणि तिकडच्या हवेसाठी लिहिलेलं असतं. आपण मात्र ते सोलापुरात, म्हशीच्या कातड्यावर किंवा दुकानातल्या नायलॉनच्या दोरीवर, मे महिन्याच्या दुपारी राबवायला बसतो.

आसूड बिघडण्याची कारणं वेगवेगळी दिसली, तरी बहुतेक एकाच ठिकाणी येऊन पोचतात. मुठीपासून टोकापर्यंत आसूड सलग निमुळता होत गेला पाहिजे आणि त्याचं वजनही त्याच ओघात कमी होत गेलं पाहिजे. हा ओघ जिथे तुटतो तिथे आसूड मरतो.

आवाज कुठून येतो, हे आधी समजून घ्या

कादंबरीकारांचा आवडता गैरसमज म्हणजे आसूड कशावर तरी आपटला की कडाडतो. आपटल्यावर 'फट्' होतं, कडाडत नाही. कडाडतो तो हवेत. हाताने दिलेली गती वेढ्याच्या रूपात पुढे सरकते, पुढचा भाग हलका होत जातो, म्हणून वेग वाढत जातो आणि शेवटी तो आवाजाच्या वेगाला मागे टाकतो. २० अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो, ४० अंशांना ३५५ च्या आसपास. ऐकू येतो तो ध्वनिवेग ओलांडल्याचा छोटासा स्फोट. टोक आवाजापेक्षा वेगाने जातं हे १९५८ मध्ये मोजमापाने पक्कं झालं. २००२ मध्ये गोरिएली आणि मॅकमिलेन या गणितज्ञांनी दाखवलं की स्फोटाचा उगम टोकापेक्षा त्या धावणाऱ्या वेढ्यात आहे. वळणाऱ्याने यातून घ्यायचं ते इतकंच: वेढ्याला वाटेत अडथळा नको. जाड गाठ, अचानक मऊ पडलेली जागा, शेवटी जड वादी (टोकाची एकेरी पट्टी) हे सगळे अडथळेच.

तुळईला विळखा घालून लोंबकळण्याचा प्रसंग वाचताना मजा येते, पण तो करून पाहू नका. विळखा केवळ घर्षणावर टिकतो आणि सुटताना सांगून सुटत नाही. शिवाय माणसाच्या वजनाने आतला गाभा ताणला जातो, मग तो आसूड पुन्हा सरळ पडत नाही.

कातडं : जाडीची चूक

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. परदेशी कोष्टकातली पेडांची, म्हणजे वळायच्या पट्ट्यांची, रुंदी आणि संख्या जशीच्या तशी घेतली जाते. कांगारूचं कातडं एक मिलिमीटरच्या आत तासूनही ताण सोसतं, कारण त्यातले तंतू पृष्ठभागाला समांतर धावतात. म्हशीचं कातडं दोन-अडीच मिलिमीटरचं, तंतू आडवेतिडवे, आणि फार तासलं तर तुटतं. गोल गोफात, म्हणजे पेडांच्या विणीत, प्रत्येक ठिकाणी दोन पेड एकावर एक येतात. म्हणजे व्यासात जाडीची चौपट भर पडते. एक मिलिमीटरच्या पेडांनी १६ मिलिमीटरचा गाभा २० चा होतो, अडीच मिलिमीटरच्या पेडांनी तोच २६ चा. मग मूठ मनगटासारखी आणि टोक दाव्यासारखं होतं.

उपाय दोन. आतल्या थरांना म्हशीचं कातडं चालेल, पण रापीने, म्हणजे कातडं तासायच्या हत्याराने, तासून दीड मिलिमीटरवर आणा. वरच्या गोफासाठी शेळीचं कातडं घ्या. ते जोर कमी सोसतं, पण एकसारखं असतं.

रुंदीसाठी कोष्टकाची गरज नाही. पेड आसुडाच्या लांबीच्या रेषेशी ४५ अंशांत बसतात असं धरलं तर: गोफाचा व्यास गुणिले ४.४, भागिले पेडांची संख्या. २० मिलिमीटरच्या जागी बारा पेडी गोफ असेल तर पेड ७.३ मिलिमीटर रुंद हवा. टोकाकडे व्यास ८ आणि पेड सहा उरले तर ५.९. यापेक्षा अरुंद कापला की फटीतून गाभा डोकावतो, रुंद कापला की पेडाच्या कडा उचलतात. पेडाची लांबी तयार अंगाच्या (मुठीपुढच्या वळलेल्या भागाच्या) किमान दीडपट ठेवा. तरीही आधी ३० सेंटिमीटरचा नमुना वळून किती लांबी खाल्ली गेली ते मोजलेलं बरं, कारण प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा.

एक चूक सोलापूर-कोल्हापूरकडची खास. चपलेसाठीचं कातडं हाताशी असतं म्हणून तेच वापरलं जातं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सोलापूर जिल्हाही आहे, तेव्हा माल चांगलाच मिळतो. पण बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते कातडं तळासाठी ताठ ठेवलेलं असतं. वळताना ते कडेला चिरतं. कारागिराला 'वादीसाठी, मऊ, पाठीकडचं' असं सांगून मागा. पोटाकडचं कातडं नको. ते एकीकडे जास्त ताणतं आणि आसूड आपोआप वाकडा होतो.

पेड कापून लगेच वळायला घेऊ नका. आधी ताणा, मग ताणलेल्या अवस्थेत पुन्हा रुंदी मोजून समान करा, मग आतल्या बाजूची कड तिरपी काढा. हा क्रम उलटला तर वळताना अर्धे पेड लांबतात, अर्धे नाही.

वळताना पेडांना साबणाचा कीस, चरबी आणि पाणी एकत्र गरम करून केलेलं मलम लावतात. कपड्यांचा, सोडा जास्त असलेला साबण नको, त्याने कातडं ठिसूळ होतं. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ओले पेड पंख्याखाली तासाभरात वाळतात आणि अर्ध्या गोफाचा ताण बदलतो. म्हणून सकाळी लवकर बसा, न वापरलेले पेड ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवा. टॉवेलची इथे वानवा नाही. तेलाच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवा. शेंगदाण्याला सोलापुरात कशातच नाही म्हणत नाहीत, पण कातड्याला शेंगतेल चोळू नका. ते खवट होतं आणि त्यावर धूळ बसते.

नायलॉनचा आसूड : हलकेपणाची चूक

शिकायला नायलॉन स्वस्त आणि सोयीचं. अडचण वजनाची. फक्त दोरीचा आसूड वाऱ्यावर तरंगतो, कडाडत नाही. म्हणून गाभ्यात वजन लागतं: दोरीतले आतले धागे ओढून काढा आणि त्या पोकळ नळीत सायकलचे बारीक छर्रे भरा. चूक होते ती नळी टोकापर्यंत भरण्याची. १८० सेंटिमीटर अंगाच्या आसुडात छर्रे निम्म्यापर्यंत, म्हणजे ९० सेंटिमीटरवर संपवा. त्यावरचा चार पेडी आतला गोफ दोन तृतीयांशावर, १२० सेंटिमीटरच्या आसपास. बाहेरचा गोफ शेवटपर्यंत.

दोरी विकत घेताना एक तुकडा कापून पाहा. काही ४ मिलिमीटरच्या दोऱ्यांत आतले धागे बाहेरच्या वेष्टनाला चिकटलेले असतात, ते ओढून निघत नाहीत. ती दोरी बाहेरच्या गोफाला चालेल, छर्रे भरायला नाही.

गुडघा पडणं

आसूड हातात धरून सैल सोडला की एखाद्या ठिकाणी तो वाकतो आणि बाकी ठिकाणी सरळ राहतो. तोच गुडघा. वेढा तिथे येऊन थांबतो.

याचं कारण जवळपास नेहमी एकच: आतला थर जिथे संपला तिथेच बाहेरच्या गोफातले दोन पेडही कमी केले. एकाच जागी दोन घटी. बारा पेडांवरून दहा, दहावरून आठ असं उतरताना प्रत्येक उतार आणि आतल्या थराचं टोक यांत निदान ८ ते १० सेंटिमीटर अंतर ठेवा. सोडलेला पेड तिथेच कापू नका. तो गोफाच्या आत घ्या आणि पुढे दहा-पंधरा सेंटिमीटर जाऊ द्या, शेवट तिरपा कापा. गुडघा तयार आसुडात सापडला तर वरून मेण किंवा टेप लावून काही होत नाही. गोफ त्या जागेपर्यंत उसवावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

असाच प्रकार मुठीच्या मानेत होतो. मुठीतली दांडी जिथे संपते तिथे आसूड खिळखिळा होतो. २० सेंटिमीटरची दांडी असेल तर गाभा दांडीवर आठ-दहा सेंटिमीटर मागे आणून दोऱ्याने आवळून बांधा, नुसता टोकाला टेकवू नका. दांडीचं टोक तासून निमुळतं करा, नाहीतर तिथेच कातडं कापलं जातं.

गोफाची शिवण, म्हणजे पेड एकमेकांना छेदतात ती रेघ, आसुडाभोवती फिरत गेली, तर तुमचा एक हात दुसऱ्यापेक्षा जोराने ओढतोय. दर पाच-सहा फेऱ्यांनी थांबून रेघ पाहा. तयार झाल्यावर दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये आसूड लाटला की पेड बसतात, पण फिरलेली शिवण लाटून सरळ होत नाही.

शेवटची वादी आणि गोंडा

नवा वळणारा सगळी मेहनत गोफावर करतो आणि टोकाला जे हाताला लागेल ते बांधतो. गोफाच्या पुढे एकेरी वादी लागते: १८० सेंटिमीटरच्या आसुडाला ६० ते ७५ सेंटिमीटर, गाठीपाशी ६ मिलिमीटर, टोकाला ३. ती जड असेल तर आवाज दबतो, फार हलकी असेल तर आसूड उलटून अंगावर येतो.

तिच्या टोकाला गोंडा. पॉलिस्टरच्या शिवणाच्या दोऱ्याचे दहा-बारा पदर ४५ सेंटिमीटरचे घ्या, घट्ट पीळ द्या, मध्यावर दुमडा. तो आपोआप स्वतःवर वळतो. शेवटी गाठ मारा, गाठीपुढे दोन-तीन सेंटिमीटर धागे मोकळे सोडा. तयार गोंडा साधारण १७-१८ सेंटिमीटरचा होतो. यंत्रमागाच्या गावात सुती धागा फुकट मिळतो म्हणून तो वापरायचा मोह होतो. वाजतो छान, पण लवकर झिजतो. पॉलिस्टर घ्या.

हातात घेतल्यावर

पहिली चूक लांबीची. कादंबरीत नायकाकडे बारा फुटी आसूड असतो, म्हणून तेवढाच हवा असतो. सहा फुटांपासून सुरुवात करा. लांब आसुडाला वेळ साधायला जास्त लागतो आणि तो चुकला तर पाठीवर येतो.

दुसरी चूक ताकदीची. जोर लावणारा हात खांद्यापासून फिरतो, वेढा मोठा आणि ढोबळ होतो, मग 'फुस्स' ऐकू येतं. भिंतीत खिळा ठोकताना हातोडी जशी शेवटच्या क्षणी मनगटाने सोडतो, तेवढंच पुरतं. आसूड समोर सरळ टाका, हात वर नेत तो मागे जाऊ द्या, आणि मागे पूर्ण खाली पडण्याआधी हात पुढे आणा. घाई केली तर कडाका कानाजवळ होतो, उशीर केला तर आसूड मागे जमिनीवर पडलेला असतो. आसुडाचा मार्ग अंगापासून हातभर दूर, उभ्या रेषेत ठेवा. डोक्यावरून तिरपा आला की कानाला किंवा गालाला लागतो.

प्रत्येक आसुडाला एक नैसर्गिक वाक असतो. मूठ हातात धरून तो कोणत्या बाजूला झुकतो ते पाहा आणि त्याच बाजूने फेका. चांगला आसूड उलट्या बाजूने फेकून 'वाजत नाही' म्हणणारे बरेच.

डोळ्यांना चष्मा किंवा गॉगल, डोक्यावर रुंद कडेची टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि कानात बोळे. आसुडाची लांबी, हाताची लांबी आणि आणखी दोन मीटर एवढ्या अंतराच्या आत चहूबाजूंनी कोणी नको. वर विजेची तार नको. सराव काळ्या मातीच्या रानात किंवा गवतावर करा. मुरुमावर आणि डांबरावर वादी व गोंडा पटकन झिजतो. दुसऱ्याच्या हातात कागद धरून तो उडवणं शेवटचं, काठीला लावलेला कागद पन्नास वेळा सलग कापता आला तरच.

सोलापूरच्या गड्डा यात्रेत किंवा आषाढात पोतराजाचा जाड आसूड पाहून तसं अंगावर ओढून घ्यायचा प्रयोग करू नका. त्या आसुडाची जाडी, वजन आणि हाताचा अंदाज पिढ्यांच्या सवयीने आलेला असतो.

आणि जनावरांवर तर नाहीच. कादंबरीतला गाडीवान बैलांच्या पाठीवर आसूड ओढतो. खिलार बैल सांगोल्याच्या बाजारात पाहणाऱ्याला माहीत असतं की असा बैल हाकेवर चालतो. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी टोकदार आर लावलेली पराणी वापरायला मनाई आहे आणि शर्यतीच्या नियमांतही चाबूक-काठीला जागा नाही.

ठेवण

आसूड खिळ्याला मुठीने लटकवू नका, मानेत बाक धरतो. सैल मोठ्या वेढ्यात सपाट ठेवा, हातावर आवळून गुंडाळू नका. पावसात भिजला तर सावलीत सरळ पसरून वाळवा, गॅसजवळ किंवा उन्हात नाही. नायलॉनला पाण्याचं काही वाटत नाही, पण गच्चीवर महिनाभर उन्हात पडला तर धागे करकरीत होतात. गोंडा झिजला की आवाज आधी जाड होतो, मग फाटतो. तेव्हा फेक बदलू नका, आधी गोंडा बदला. दोन-तीन तयार करून खिशात ठेवलेले बरे.