ट्राउटच्या ओढ्यावर हिप्परग्याच्या सवयी नेऊ नका

सोलापुरातून हिमाचलला, तीर्थन नदीच्या ओढ्यांवर फ्लाय फिशिंगला, म्हणजे किड्यासारखा दिसणारा बनावट गळ (फ्लाय) टाकून ट्राउट मासा धरायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगतो: हिप्परगा तलावावर किंवा सीनेच्या डोहावर लागलेली सवय तिथे नडते. इथलं पाणी गढूळ. काठावर उभं राहून गप्पा मारल्या तरी चिलापी गळाला लागते. तिथे ओढ्याचा तळ लख्ख दिसतो, आणि माशालाही आपण तसेच दिसतो.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, वाहत येणारे किडे टिपत थांबलेला असतो. वरच्या अंगाने गेलात की थेट त्याच्या नजरेत. म्हणून खालून वर सरका, वाकून, वेळ पडली तर गुडघ्यांवर. सावली पाण्यावर पडू देऊ नका.

दुसरी चूक मला दोन दिवस उमगली नव्हती. फ्लाय छान पडायची, मासा वर यायचा आणि अगदी जवळून माघारी फिरायचा. मी डबीतल्या फ्लाय बदलत राहिलो. शेवटी नुसतं बघत बसलो, तेव्हा दिसलं: फ्लायच्या मागे पाण्यावर बारीक रेघ उमटत होती. मधला प्रवाह वेगाचा, पलीकडचं पाणी संथ. मध्ये पडलेली लाइन पुढे वाहायची आणि फ्लायला फरफटत न्यायची. यालाच ड्रॅग म्हणतात. खरा किडा असा पाणी कापत जात नाही. जवळ जा, लाइन थोडीच सोडा, रॉडचं टोक उंच धरा, पाण्याला शक्यतो फक्त लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला बारीक पारदर्शक दोरा, टेकू द्या. फ्लाय तीन-चार सेकंद मोकळी वाहिली तरी पुष्कळ.

तरंगायला बांधलेलं थर्माकोल बुडालं की जोरात हिसका द्यायची आपली रीत. 5 एक्स जाडीचं बारीक टिपेट, म्हणजे फ्लाय बांधलेला लीडरचा शेवटचा तुकडा, त्याने तुटतं. रॉडचं टोक नुसतं उचला.

परवाना आधी काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी असते. सोडायचा मासा ओल्या हातानेच धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

सराव मात्र इथेच करा. हिप्परग्याच्या काठावर, मागे बाभूळ येईल अशा जागी गुडघ्यांवर बसा. फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधा, पंधरा फुटांवर परात ठेवा. फेकताना मागे जाणारी लाइन बाभळीत न अडकता दहापैकी सात वेळा तुकडा परातीत पडला, की तिकीट काढा.