सीटीवर फुफ्फुसातली गाठ हुकू नये म्हणून

मेडिकल असो, मेयो असो की मिहानचं एम्स, नागपूरच्या या सरकारी रुग्णालयांत गडचिरोलीपासून छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट येतात ते फिल्मची पिशवी घेऊनच. त्या फिल्मवर गाठ शोधत बसू नका, सीडी मागा. फिल्मवर बहुधा ५ मिमी जाडीचे काप (छातीच्या आडव्या छेदांची चित्रं) छापलेले असतात. ४ मिमीची गाठ तेवढ्या जाडीत आजूबाजूच्या हवेत मिसळून फिकी पडते. सीडीवर बघायचे काप १ ते १.५ मिमीचेच हवेत.

नव्याने स्कॅन करताना कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) लागत नाही, श्वास मात्र नीट रोखलेला लागतो. टेबलावर घेण्याआधी पेशंटकडून दोन-तीनदा सराव करून घ्या. श्वास सुटला की डायफ्रामजवळची गाठ दुहेरी दिसते, नाहीतर दिसतच नाही.

विंडोची (पडद्यावर दिसणाऱ्या राखाडी छटांच्या पट्ट्याची) रुंदी १५००, मध्य उणे ६०० हाउन्सफिल्ड एकक. एका वेळी एकच फुफ्फुस, शिखरापासून तळापर्यंत. काप पुढेमागे सरकवा: रक्तवाहिनी सरकत जाते, तिला फांद्या फुटतात, गाठ मात्र दोन-चार कापांत उगवते आणि जागच्या जागी मावळते. मग ८ ते १० मिमी जाडीच्या एमआयपीवर (अनेक काप एकत्र करून त्यातले सर्वांत उजळ ठिपके दाखवणाऱ्या चित्रावर) पुन्हा एकदा सगळं बघा. हायलमजवळची (जिथून श्वासनळ्या आणि रक्तवाहिन्या फुफ्फुसात शिरतात) आणि श्वासनळीच्या आतली गाठ सर्वांत जास्त निसटते, तिथे जास्त वेळ द्या.

एकाच कापावर लांबी-रुंदी मोजून सरासरी काढा: ८ आणि ६, म्हणजे ७ मिमी. जुना सीटी असेल तर तो शेजारी उघडल्याशिवाय रिपोर्ट लिहू नका. १ मिमीचा फरक मोजणाऱ्याच्या हातचाही असू शकतो. २ मिमी वाढली तर ती वाढच. ६ची ७.५ झाली तरी आकारमान (घनफळ) जवळपास दुप्पट होतं.

फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या इमेजिंग तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७च्या सूचनांनुसार (वय ३५च्या पुढे, आधी कॅन्सर नाही, प्रतिकारशक्ती ठीक) ६ ते ८ मिमीच्या एकट्या घन गाठीला ६ ते १२ महिन्यांनी सीटी. ८च्या वर असेल तर ३ महिन्यांनी सीटी, पेट-सीटी (किरणोत्सारी साखर देऊन सक्रिय पेशी चमकवणारा स्कॅन) किंवा बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं).

आपल्याकडे टीबीचे जुने व्रण रोजचेच. गाठ पूर्ण किंवा नेमकी मधोमध चुन्याने भरलेली असेल तर सहसा निर्धोक. पण पेटवर टीबीची गाठही चमकते, म्हणून नुसत्या चमकेवरून कॅन्सर ठरवू नका. आणि संशयित गाठीवर तपासणीविना टीबीच्या गोळ्या सुरू करून महिने घालवू नका. गाठ कॅन्सरची निघाली तर ऑपरेशनची वेळ तेवढ्यातच निघून जाते.