पीएसएमए पेट स्कॅनमध्ये बरगडीवर एकच ठिपका दिसला तर

बायोप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन की रेडिएशन हे ठरत आलं, आणि तेवढ्यात पीएसएमए पेट स्कॅनच्या रिपोर्टमध्ये बरगडीतला एक ठिपका आणि पुढे 'मेटास्टेसिसची शक्यता', म्हणजे कॅन्सर दुसऱ्या अवयवात पसरल्याची शक्यता, असं लिहून आलं. या एका ओळीने आजार चौथ्या टप्प्यात मोजला जातो. आजार बरा करण्यासाठी ठरलेला उपचार बाजूला पडतो आणि हार्मोनची इंजेक्शनं सुरू होतात. ठिपका मुळात कॅन्सरचा नसेल, तर बरा होऊ शकणाऱ्या माणसाची संधी अशी हातची जाते. एकट्यादुकट्या ठिपक्याची शहानिशा उपचार बदलण्याआधी व्हायला हवी, नंतर नव्हे.

स्कॅन कॅन्सर दाखवत नाही, ट्रेसर (स्कॅनआधी शिरेतून दिलेलं किरणोत्सारी द्रव्य) कुठे चिकटला ते दाखवतो. पीएसएमए हे प्रथिन प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींवर भरपूर असतं हे खरं. पण ते लाळग्रंथी, किडनी आणि लहान आतड्यातही असतं. शिवाय भरून येणारं हाड, जुनाट सूज आणि इतर गाठींमधल्या नव्या रक्तवाहिन्या इथेही ट्रेसर जमतो.

सगळ्यात आधी रिपोर्टमध्ये ट्रेसरचं नाव शोधा. गॅलियम-६८ पीएसएमए-११ लघवीवाटे बाहेर पडतो. फ्लोरिन-१८ पीएसएमए-१००७ मुख्यतः यकृतावाटे जातो, त्यामुळे मूत्राशयाजवळचा भाग स्वच्छ दिसतो. हा त्याचा मोठा फायदा. पण हाडांवर, विशेषतः बरगड्यांवर, काहीही आजार नसताना ठिपके दिसण्याचं प्रमाण याच ट्रेसरमध्ये जास्त आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत सारख्या स्थितीतल्या रुग्णांच्या १०२ जोड्या घेतल्या होत्या. कॅन्सरशी संबंध नसलेल्या जागा पीएसएमए-१००७ मध्ये २४५ निघाल्या आणि पीएसएमए-११ मध्ये ५२. पीएसएमए-१००७ वापरलेला असेल, ठिपका एकच आणि फिका असेल आणि सीटीत त्या जागी हाड नेहमीसारखं दिसत असेल, तर 'पसरला' हा निष्कर्ष घाईचा आहे.

मग ठिपका आजाराच्या बाकीच्या चित्रात बसतो का ते पाहा. पीएसए (रक्तातल्या प्रोस्टेटच्या प्रथिनाचा आकडा) ७, ग्लीसन (बायोप्सीवरून ठरणारी आक्रमकतेची श्रेणी) ३+४, ओटीपोटातल्या लिम्फ नोड (लसिका गाठी) स्वच्छ आणि फक्त बरगडीत फिका ठिपका, हे सहसा जुळत नाही. पीएसए ८०, ग्लीसन ९ आणि मणक्यात व कमरेच्या हाडांत अनेक गडद ठिपके असतील, तर तिथे फसव्या निकालाची आशा धरून उपचार लांबवू नका.

जागेवरूनही पुष्कळ कळतं. पोटात महाधमनीच्या दोन्ही बाजूंना मज्जातंतूंची गँग्लिया (मज्जापेशींचे पुंजके) असतात. बहुतेक रुग्णांत ती थोडीफार उजळतात आणि नोड समजली जातात. तसाच गोंधळ मानेच्या तळाशी आणि त्रिकास्थीच्या (मणक्याच्या तळाच्या तिकोनी हाडाच्या) पुढच्या बाजूला होतो. गँग्लिऑन पट्टीसारखं किंवा थेंबासारखं लांबट असतं, नोड गोलसर असते. किडनीकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीत साचलेला लघवीचा थेंबही हुबेहूब नोडसारखा दिसतो. अशा वेळी भरपूर पाणी आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) देऊन उशिरा पुन्हा चित्र काढतात. लघवी असेल तर ठिपका सरकतो किंवा नाहीसा होतो. म्हणून उशिराचं चित्र काढलं होतं का, हे न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

छातीतल्या नोडबद्दल आपल्याकडे जास्त सावध राहायला हवं, कारण टीबी. टीबी आणि सार्कॉइड (कॅन्सर नसलेला, सुजेचा एक आजार) यांच्या गाठीही पीएसएमएचा ट्रेसर पकडतात. हा कॅन्सर सहसा ओटीपोटातून वर, महाधमनीच्या कडेकडेने चढत जातो. खाली काहीच नसताना फुप्फुसांच्या मुळाशी दोन्हीकडे सारख्याच नोड उजळल्या असतील, तर आधी टीबीचा विचार व्हावा. डाव्या हंसळीच्या हाडामागची नोड मात्र हलक्यात घेऊ नये. या कॅन्सरची ती ओळखीची वाट आहे.

रिपोर्ट वाचणाऱ्याला रुग्णाचा इतिहास बऱ्याचदा मिळतच नाही आणि निम्मी गडबड तिथेच होते. एका कागदावर लिहून द्या: कधी पडला होता का, बरगडी किंवा मणका मोडला होता का, टीबीचा उपचार झाला होता का, आधी कुठे रेडिएशन झालंय का, हार्मोनचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं, आणि पीएसएचे आजवरचे सगळे आकडे तारखांसकट. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडल्याची गोष्ट घरच्यांना क्षुल्लक वाटते, पण रिपोर्टचा अर्थ तिने बदलू शकतो.

यानंतर दुसऱ्या केंद्रातल्या, रोज पीएसएमए स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांकडून फेरवाचन करून घ्या. त्यासाठी स्कॅनची पूर्ण सीडी लागते. छापील फिल्म आणि कागदी रिपोर्ट पुरत नाही. फेरवाचनात पीएसएमए-रॅड्सचा (ठिपका कॅन्सरचा असण्याची शक्यता किती, हे सांगणाऱ्या ठरीव वर्गवारीचा) वर्ग लिहून मागा. ३बी म्हणजे हाडातली संशयास्पद जागा, जिची पुढची तपासणी व्हायला हवी. ३सी म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी अनोळखी जागी गडद ठिपका. तो थायरॉइड किंवा किडनीच्या वेगळ्याच गाठीचा असू शकतो, म्हणून त्याची स्वतंत्र तपासणी करावीच लागते.

हाडातल्या ठिपक्यासाठी पुढची पायरी म्हणजे त्या जागेचा बारकाईने सीटी किंवा एमआरआय. जुन्या फ्रॅक्चरची रेघ, मणक्यातला हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ), फायब्रस डिसप्लेझिया आणि पॅजेटचा आजार (हे दोन्ही हाडांचे, कॅन्सर नसलेले विकार), झिजेमुळे वाढलेलं हाड हे त्यात बहुधा ओळखू येतं. तरीही उलगडा झाला नाही आणि निर्णय त्या एका ठिपक्यावरच अडला असेल, तर सीटीच्या आधाराने बायोप्सी. बारीक बरगडीत सुईचा नेम चुकू शकतो, त्यामुळे 'कॅन्सर नाही' असा निकाल आला तरी नमुना नेमक्या जागेचा होता का, हे विचारा.

कधी ट्यूमर बोर्ड (वेगवेगळ्या तज्ज्ञांची एकत्र बैठक) ठिपका बाजूला ठेवून ऑपरेशन करायचं ठरवतं. ते निष्काळजीपणाचं नाही. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांनी पीएसए ०.१ च्या खाली गेला, आणि बरगडीला हातही न लावता तो तसाच खाली राहिला, तर बरगडीत कॅन्सर नव्हता असं मानायला भक्कम आधार मिळतो. हार्मोनचं इंजेक्शन आधी दिलं असेल तर ही कसोटी उरत नाही. त्याने पीएसए खाली येतोच, खरा मेटास्टेसिसही फिका पडू शकतो, आणि पुढच्या स्कॅनवरून काहीच सांगता येत नाही. म्हणून ठिपक्याचा निकाल लागेपर्यंत इंजेक्शन थांबवता येईल का, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा. आजार आक्रमक असेल तर ते नाही म्हणतील. मग त्यांचं ऐका.

फेरस्कॅन करायचाच झाला तर तोच ट्रेसर, आणि जमल्यास तेच यंत्र. ट्रेसर बदलला की एसयूव्हीचे (ठिपक्यात ट्रेसर किती जमला ते सांगणारे) आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

या सगळ्या शहानिशेत दिवस जातात आणि ते जायला हरकत नसते. मात्र मधल्या काळात पाठ सतत दुखू लागली, पायांतली ताकद कमी झाली, कमरेखाली बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर फेरवाचनाची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा आणि मणक्याचा एमआरआय करून घ्या.