एमजीबीचे वायपर अडले : मोटर उघडण्याआधीची तयारी

लुकास कंपनीची १४ डब्ल्यू ही दोन वेगांची वायपर मोटर १९६८ पासूनच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये आहे आणि त्या काळच्या इतर बऱ्याच ब्रिटिश गाड्यांतही सापडते. वायपर बंद पडले की बहुतेक जण आधी मोटरच काढायला घेतात. मोटर काढायची म्हणजे सगळे आर्म उतरवून रॅक, म्हणजे मोटरची हालचाल आर्मपर्यंत नेणारी दातेरी केबल, नळीतून ओढून काढणं आलं. एवढी उस्तवार करून दोष निघतो तो फ्यूजच्या क्लिपवरच्या गंजात, नाहीतर काळ्या वायरच्या सैल टोकाशी. तयारी अशी हवी की दोष कुठे आहे ते मोटर जागेवर असतानाच कळावं.

मल्टिमीटर लागेलच, पण एकट्या मीटरवर विसंबू नका. होल्डरमध्ये १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब बसवून दोन वायरी काढलेला टेस्ट लॅम्प जवळ ठेवा. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बिनधास्त १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ घेतच नाही. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो आणि तिथे कुजलेल्या वायरीचं पितळ उघडं पडतं. शिवाय क्रोकोडाइल क्लिप लावलेल्या दोन लांब वायरी हव्यात. त्यांतल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला जाणाऱ्या वायरीत १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज असलाच पाहिजे, कारण पुढे कळेल. कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पॉलिश पेपर, बुलेट कनेक्टर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मास्किंग टेप आणि पाच किलोपर्यंतचा स्प्रिंगचा वजनकाटा एवढं जमवा. गाडीच्या वर्षाचा वायरिंग डायग्रॅम छापून घ्या. स्विचकडची जोडणी वर्षागणिक बदलली आहे.

आधी बॅटरी बघा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. मूळच्या दोन असतील तर त्यांना जोडणारी केबलही तपासा. गाडी बराच वेळ बंद असताना १२.६ व्होल्ट हवेत. त्याहून बरेच कमी असतील तर चार्ज केल्याशिवाय पुढच्या मोजमापांना अर्थ नाही.

मग फ्यूज. बहुतेक वर्षांच्या गाड्यांत वायपर हिरव्या वायरीच्या सर्किटवर चालतात. ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि पेट्रोलचा काटा त्याच फ्यूजवर. ही सगळी मंडळी एकदम गेली असतील तर वायपरकडे बघूच नका, फ्यूज किंवा त्याची क्लिप गेलेली आहे. क्लिप चकचकीत घासा आणि चिमटीने थोडी आवळा. फ्यूज विकत घेताना घोळ होतो तो आकड्याचा. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, ते तो उडण्याचं माप आहे. सतत वाहून नेण्याची त्याची ताकद १७ अँपिअरच. त्या जागी आजच्या पद्धतीचा ३५ चा फ्यूज बसवला तर शॉर्ट झाल्यावर आधी वायरिंग जळेल.

आता मोटरचा प्लग. इग्निशन चालू केल्यावर, वायपरचा स्विच कसाही असला तरी, हिरव्या वायरीवर टेस्ट लॅम्प पूर्ण तेजाने पेटला पाहिजे. लाल वायरीवर फिकट हिरवा पट्टा म्हणजे हळू वेग, निळ्यावर तोच पट्टा म्हणजे जलद वेग, तपकिरीवर असेल तर पार्किंग, म्हणजे बंद केल्यावर पाती मूळ जागी आणून थांबवणं. काळी अर्थची. ही मोटर रबराच्या गादीवर पट्ट्याने आवळलेली असते, म्हणून तिला बॉडीतून अर्थ मिळत नाही. सगळी मदार त्या काळ्या वायरीवर. काच ओली करा, वायपर चालवा आणि मीटरची एक टोचणी प्लगमागून काळ्या वायरीला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून, स्विच हळू वेगावर असताना, लाल-हिरव्या वायरीपर्यंत मोजा. अर्धा व्होल्ट चालेल, दीड-दोन व्होल्ट जात असतील तर स्विच नाहीतर मधला बुलेट जोड गरम होत असणार. बोट लावून बघा, कळतं.

एकच वेग चालत असेल तर प्लग काढा आणि मोटरच्या पिनांना थेट वीज द्या. काळ्याच्या पिनेला निगेटिव्ह, मग लाल-हिरव्याच्या किंवा निळ्या-हिरव्याच्या पिनेला पॉझिटिव्ह. दोन्ही वेग मिळाले तर मोटर निर्दोष, स्विचकडे चला. तपकिरीच्या पिनेला मात्र बॅटरी कधीही लावू नका. पाती जागेवर असताना मोटरमधला पार्क स्विच ती पिन अर्थला जोडून ठेवतो, मोटर झटक्यात थांबावी म्हणून. तिथे पॉझिटिव्ह दिलं की सरळ शॉर्ट. वायरीतला १० चा फ्यूज त्यासाठीच.

पाती काचेच्या मध्येच थांबत असतील, तर ती तिथे असताना वायपर बंद, इग्निशन चालू ठेवून तपकिरीवर लॅम्प लावा. पेटला तर पार्क स्विच ठीक, वायपरचा स्विच तपकिरी आणि लाल वायर जोडत नाही. हिरवीवर वीज असून तपकिरीवर नाही, तर पार्क स्विच गेला. पाती जागा ओलांडून पुन्हा फेरी मारत असतील, तर अर्थकडचा संपर्क तुटल्याने ब्रेक लागत नाही.

वायपर मंद आणि व्होल्टेज मात्र नीट, असं असेल तर दोष विजेचा नाही. टेपने काचेवर पात्यांच्या मूळ जागेच्या खुणा करा, आर्म उतरवा, मोटर सोडवा आणि रॅकला वजनकाटा अडकवून ओढा. २.७ किलोच्या आत सरकला पाहिजे. जास्त लागत असेल तर नळीतलं ग्रीस सुकून मेणासारखं झालंय किंवा नळी कुठेतरी चेपली आहे.

एवढ्यानंतरच मोटर उघडायची. टेबलावर बिनभाराची मोटर हळू वेगात सुमारे १.५ अँपिअर आणि जलद वेगात २ अँपिअर घेते. फेरे मिनिटाला ४६ ते ५२ आणि ६० ते ७०. मोटरचा खोका उघडण्याआधी त्यावर आणि गिअरबॉक्सवर जुळणारी खूण करा. आतलं मॅग्नेट लोखंडाचा प्रत्येक कण ओढून घेतं, म्हणून टेबलावर स्वच्छ कापड हवं. कार्बन (ब्रश) ४.८ मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर बदला. जलद वेगाच्या कार्बनचं टोक अरुंद असतं, ते झिजून पूर्ण रुंदीवर आलं की तोही बाद. कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात ती तांब्याच्या पट्ट्यांची कडी, तपकिरी असेल तर छेडू नका. काळा, चरे पडलेला असेल तर पॉलिश पेपरने हलका घासा आणि पट्ट्यांमधल्या खाचा काडीने साफ करा. एमरी पेपर नको, त्याचे कण वीज वाहून नेतात. बंद करताना आर्मेचरची (आतल्या फिरत्या भागाची) दांड्याच्या दिशेने पुढे-मागे हालचाल ०.०५ ते ०.२ मिलिमीटर राहील असा स्क्रू लावा.

बसवल्यावर आर्म लगेच चढवू नका. एकदा मोटर चालवून बंद करा, म्हणजे ती स्वतःच पार्कवर येऊन थांबेल, आणि मग टेपच्या खुणांवर पाती बसवा.