रोटरी इंजिनात सिरॅमिक कोटिंग? या चुका टाळा

रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते) सील बदलायला उघडलं की "एवीतेवी उघडलंच आहे, तर आतून सिरॅमिकचा थरही देऊन टाकू" हे कोणीतरी म्हणतंच. कोटिंगला माझी ना नाही. पण ते सुटून निघालं की लोक मालाला नावं ठेवतात. बहुतेक वेळा मात्र जागा चुकलेली असते.

सगळ्यात महागात पडतं ते हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या) आतल्या भिंतीवर उष्णता अडवणारा थर देणं. तिथे अपेक्स सील, म्हणजे रोटरच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या, सतत घासत असतात. माझदाच्या १३बी इंजिनात या जागी पोलादी अस्तरावर कठीण क्रोम असतो, तो उगाच नाही. झिर्कोनियाचा (उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिकचा) खरखरीत, ठिसूळ थर सील खातो आणि स्वतःही सुटतो. घासणीसाठीचं कोटिंग आणि उष्णतेसाठीचं कोटिंग यांची कामंच वेगळी. माझदाने २०२३ च्या ८सी इंजिनात ॲल्युमिनियमच्या साइड हाउसिंगवर (रोटरच्या बाजूच्या झाकणांवर) सर्मेट, म्हणजे सिरॅमिक आणि धातूचं मिश्रण, फवारलं, ते झीज रोखायला.

इंजिनाच्या आत उष्णतेसाठी जागा एकच: रोटरच्या तीन बाजू, म्हणजे जळण होतं ती तोंडं. तिथेही सील बसतात त्या खाचांपासून लांब राहा. एका रोटरवर थर थेट अपेक्सच्या खाचेच्या कडेपर्यंत आणलेला मी पाहिलाय. नखाएवढा पोपडा सुटला होता आणि क्रोमवर एक्झॉस्ट पोर्टच्या दिशेने दोन बारीक समांतर ओरखडे होते. बोट फिरवलं तरी लागत होते. ते हाउसिंग बाद झालं. कडेला थोडी मोकळी पट्टी सोडली असती तर वाचलं असतं.

चिकटण्याचा प्रश्न वेगळा. बिडाचा जुना रोटर तेल पिऊन बसलेला असतो. वरून पुसून भागत नाही. आधी भट्टीत तापवून तेल काढा, मग ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करणं). रोटर आतून पोकळ असतो, तेलानेच थंड होतो. त्या पोकळीत राहिलेले ब्लास्टिंगचे कण पुढे थेट बेअरिंगला भेटतात, म्हणून बेअरिंग काढूनच काम द्या आणि परत आल्यावर आतून धुवा. दोन्ही रोटरचं वजन सारखं आहे का, ते बघायला विसरू नका.

नॉकिंगवर (इंधन अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांवर) हा उपाय नाही. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ किंवा ठिणगीचं टायमिंग जास्त पुढे असेल तर कोटिंग शाबूत राहतं आणि अपेक्स सील तुटतं. शिवाय झाकलेलं तोंड जास्त तापतं, म्हणजे नॉकिंगला आमंत्रणच.

बसवल्यानंतर ताकद घटली तर आधी कम्प्रेशन बघा. मीटरवर प्रत्येक रोटरचे दाबाचे तीन ठोके येतात, प्रत्येक तोंडाचा एक. शेजारचे दोन पडले तर संशय मधल्या अपेक्स सीलवर. एकच पडला तर साइड सीलवर (रोटरच्या सपाट बाजूवरच्या सीलवर). तिन्ही सारखेच खाली असतील तर हाउसिंगची झीज तपासा. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घातला की पोपडे दिसतातच.

पैशाचं म्हणाल, तर रोटरवरच्या थराचा फायदा थोडाच असतो. रोटरीचा धूर फार तापलेला असतो, म्हणून बजेट एकाच कामाचं असेल तर मी ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर घालतो. तिथे काही घासत नाही, आणि थर सुटलाच तर तो इंजिनात शिरत नाही.