माउस मेला, बिल नाही अडलं

द्राक्षांचा ऐन हंगाम, नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या आमच्या ऑफिसात माउस बंद पडला. बाहेर गाडी भरून उभी, बिल अर्धवट. विंडोजमध्ये अशा वेळी टॅब दाबा, पुढच्या रकान्यात जाल. शिफ्ट धरून टॅब दाबलं की मागे. टिक करायला स्पेसबार, यादी उघडायला ऑल्ट आणि खालचा बाण.

तरीही एखादं बटण हाती लागत नसेल, तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून एंटर मारा. आता उजवीकडच्या आकड्यांनी पॉइंटर सरकतो, 5 दाबलं की क्लिक. चाल गोगलगायीची, पण नव्या माउससाठी एमजी रोडला जाऊन पार्किंग शोधण्यापेक्षा बरी! लॅपटॉपला आकड्यांचा वेगळा भाग नसेल, तर मात्र टॅबवरच भागवा.