भजनी मंडळाचा इतिहास कसा लिहावा

गावच्या भजनी मंडळाचा इतिहास लिहायला घेताना अध्यक्षांच्या नामावलीपासून सुरुवात करू नये. लोक एकत्र गायला का बसले, हे आधी शोधावे. या कामी जर्मन गायनमंडळांचा इतिहास उपयोगी पडतो. झेल्टर या संगीतकाराने १८०९ साली बर्लिनमध्ये जमवलेली मंडळी जेवणाच्या टेबलाभोवती गात असे. पुढे अमेरिकेत गेलेल्या जर्मनांनी १८३५ मध्ये फिलाडेल्फियात मंडळ काढले आणि १८४९ मध्ये सिनसिनाटीत अनेक मंडळांचा मेळावा भरवला. परमुलखात आपली भाषा आणि आपली माणसे धरून ठेवण्याची गरज त्यामागे होती. कोकणातल्या चाकरमान्यांनी लालबाग-परळच्या खोल्यांतून भजन धरले ते याच गरजेपोटी. म्हणून मुंबईचे प्रकरण स्वतंत्र लिहावे.

साधनांत पहिला मान जमाखर्चाच्या वहीला द्यावा. पखवाजाची पुडी बदलली, पेट्रोमॅक्स भाड्याने आणली, पेटीचा भाता दुरुस्त केला, अशा नोंदींतून मंडळाची खरी ऐपत आणि हौस कळते. स्मरणिकेतील गौरवपर लेखांतून ती क्वचितच कळते. कोकणच्या दमट हवेत कागद टिकत नाही, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. जुनी वही मोडी लिपीत असल्यास जाणकाराकडून तिचे लिप्यंतर करून घ्यावे.

वयस्कर बुवांना थेट साल विचारू नये. पहिला पखवाज आणला तेव्हा तो कोण वाजवत असे, भजनाची अमुक बारी (कार्यक्रम) १९६७ च्या कोयना भूकंपाआधीची की नंतरची, असे विचारल्यास आठवणी नेमक्या येतात. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर दोन्ही मते नावांसह नोंदवावीत.

खंड पडलेली वर्षे मात्र झाकू नयेत. अमेरिका १९१७ मध्ये जर्मनीविरुद्ध युद्धात उतरल्यावर तिथे जर्मन भाषेकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, १९२० पासून दारूबंदीमुळे बिअरच्या विक्रीवर चालणाऱ्या मंडळांचे उत्पन्न आटले, आणि कित्येक मंडळे बंद पडली किंवा त्यांनी कारभार इंग्रजीत सुरू केला. आपल्याकडे १९८२ च्या गिरणी संपानंतर वर्गणीच्या रकान्यांचे काय झाले, हे तपासावे. मंडळात फूट पडली असेल, तर दुसऱ्या वाडीतल्या मंडळाचीही वही मागून पाहावी. ती मागायला मात्र दोन्हीकडे सोयरीक असलेला माणूस पाठवावा.